साडभाऊंचा वूफर

अख्ख्या वाशीम जिल्ह्यात खालचा सूर ऐकू येणारा माणूस एकच आहे, आणि तो माझा साडभाऊ आहे. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच म्हणतात. गेल्या सव्वीस वर्षांत त्यांचं हे म्हणणं खोडून काढायला जिल्ह्यातून कोणी पुढे आलेलं नाही, त्यामुळे मीही ते मान्य करून टाकलं आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुक्काम मंगरूळपीर. सारी नोकरी सरकारी मोजणी खात्यात गेली. उन्हातान्हात बांधावरून साखळी ओढत त्यांनी दोन्ही बाजूंच्या शिव्या सारख्याच शांतपणे ऐकल्या, आणि एवढं ऐकूनही त्यांचे कान शाबूत राहिले हीच मुळात आश्चर्याची गोष्ट. खालचा सूर म्हणजे काय, असं मी लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत त्यांना विचारलं होतं. नवा जावई, काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. त्यावर त्यांनी मला दीड तास बसवून सांगितलं. "भाऊ, गाणं म्हंजे वरचं पीक. ते साऱ्याईलेच दिसते. त्याच्या खाली जमीन असते का नाही? ढोलकावरची डाव्या हाताची थाप आयकली काय तुमी कधी? नाही आयकली. तुमी नुसतं पीक पाहून राह्यले." मी तेव्हापासून त्यांच्याकडे गाणं ऐकताना डोळे मिटून मान हलवतो. आत काय चाललंय ते त्यांना कळत नाही, आणि मलाही.

त्यांची पहिली खोड म्हणजे टाळी. कोणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या, उंबरा ओलांडायचा, खोलीच्या मधोमध उभं राहायचं आणि एकच खणखणीत टाळी वाजवायची. मग मान तिरकी करून ती टाळी कुठे कुठे जाऊन आली ते ऐकायचं. त्यानंतर यजमानांना "नमस्कार". आमच्या वाशीमच्या घराच्या वास्तुशांतीला भटजी मंत्र म्हणत असताना त्यांनी ही टाळी वाजवली, तेव्हा भटजींना वाटलं आरती सुरू झाली, आणि ते मधली चार पानं सोडून थेट आरतीवर आले. साडभाऊंनी मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "घर चांगलं हाय, पण घुमते. पडदे लावा जाड." एकदा तर ते माझ्याबरोबर एका घरी दुखवट्याला आले होते. मंडळी खाली माना घालून बसलेली. साडभाऊ पाच मिनिटं गप्प बसले, दहा मिनिटं बसले, त्यांचे हात मांडीवर चुळबुळ करताना मला दिसत होते, आणि मी मनात जे जे देव आठवले त्यांचा धावा करत होतो. शेवटी त्यांनी टाळी वाजवलीच, पण अगदी हलकी, दुःखाला शोभेल अशी. घरातल्या म्हाताऱ्या आजीने डोळे पुसत विचारलं, "डास हाय काय बाप्पा?" साडभाऊ हात जोडून म्हणाले, "नाही आजी. खोली लय चांगली हाय."

त्यांच्या स्वतःच्या हॉलमध्ये एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. लोखंडी, काळा, आणि इतका जड की तो हलवायचा असेल तर आधी मला वाशीमहून बोलावून घेतात. त्याच्या दोन बाजूंना दोन लाकडी स्पीकर. स्पीकर आकाराने लहान, साधारण बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे एकावर एक ठेवावेत एवढे. या तिघांवर त्यांचं पोटच्या पोरांसारखं प्रेम, आणि पोटच्या पोरांसारखीच त्यांच्याविषयी तक्रारही. तक्रार एकच. स्पीकर खालचा सूर देत नाहीत. कव्वाली लावली की टाळ्या येतात, पेटी येते, आवाज तर समोर मांडी घालून बसल्यासारखा येतो, पण ढोलकाचा डावा हात येत नाही. साडभाऊंना कव्वालीचं फार वेड. गावात दर्गा आहे, लहानपणापासून त्यांनी ती समोर बसून ऐकलेली, त्यामुळे पोटात थाप कुठे लागते हे त्यांना पक्कं ठाऊक. ते छातीखाली बोट ठेवून दाखवत. "इथं लागाले पाह्यजे. इथं काईच लागत नाही." ताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, आतून म्हणत, "गॅस झाला असन."

निवृत्तीनंतर त्यांच्या मुलाने पुण्याहून एक मुठीत मावेल एवढा बिनतारी स्पीकर पाठवून दिला. "बाबा, ते जुनं सामान काढून टाका, यात सगळं आहे," असं फोनवर सांगितलं. साडभाऊंनी तो उघडला, वाजवला, उलटा केला, पुन्हा वाजवला आणि ताईंच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. तिथे तो आजही लसणाच्या टोपलीत आहे आणि सकाळी बातम्या सांगतो. पण मुलाच्या त्या एका वाक्याने त्यांना आतून डिवचलं. त्यांनी ठरवलं, जुनं सामान तसंच ठेवायचं आणि त्याला शोभेल असा एक वूफर आणायचा. वूफर म्हणजे फक्त खालचा सूर वाजवणारा मोठा डबा. आता दुसरा कोणी असता तर अकोल्याला जाऊन घेऊन आला असता. साडभाऊंनी आठ महिने अभ्यास केला. मोजणीच्या वहीसारखी एक वही घातली. तीत हॉलचा नकाशा, लांबी, रुंदी, उंची, खिडक्या, दिवाणाची जागा आणि स्वतःच्या खुर्चीची जागा दाखवली होती. खुर्चीवर त्यांचं डोकं जमिनीपासून किती इंचांवर येतं तेही लिहिलं होतं. ताईंनी विचारलं, "माहं डोकं कुठं हाय याच्यात?" नकाशात ताईंचं डोकं नव्हतं. ते नंतर पेन्सिलीने दाखवण्यात आलं, पण ताईंनी ते दुरुस्तीत घातलेलं आहे हे ओळखलं.

अभ्यास पुरा झाल्यावर आम्ही दोघे अकोल्याला निघालो. मला वाटलं, वूफर आणायला जायचं म्हणजे हात हलवत जायचं. पण साडभाऊंचं म्हणणं पडलं की अ‍ॅम्प्लिफायर बरोबर नेल्याशिवाय हे जमणार नाही. "दोघाईनं एकमेकाले पाह्यलं पाह्यजे नं भाऊ. हे जुनं माणूस हाय, याचा हात हलका हाय. तो पहेलवान आणून याच्या गळ्यात बांधला तं हे दबून जाईन." तेव्हा तो जड अ‍ॅम्प्लिफायर नातवाच्या जुन्या दुपट्यात गुंडाळून साडभाऊंनी बसमध्ये मांडीवर घेतला. गाडी खड्ड्यात गेली की ते त्याला छातीशी धरत. समोरच्या बाकावरच्या बाईंनी बराच वेळ दम धरला. शेवटी म्हणाल्या, "भाऊ, तोंडावरचं फडकं काढा जराक. त्याले हवा नाही लागून राह्यली." साडभाऊ लगेच म्हणाले, "बरोबर बोलले बाई, जाळी उघडीच पाह्यजे," आणि त्यांनी दुपटं बाजूला केलं. त्यानंतर त्या बाईंनी अकोल्यापर्यंत आमच्याकडे बघितलं नाही.

दुकानदाराने पहिला वूफर लावला तेव्हा दुकानाच्या काचा थरथरल्या आणि माझ्या खिशातली किल्ली वाजायला लागली. मी म्हटलं, "छान आहे." साडभाऊंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "हा गाऊन नाही राह्यला भाऊ. ढेकर देऊन राह्यला." दुसरा लावला. तो म्हणे बोलतो बरा, पण थांबायचं कळत नाही, थाप संपली तरी याचं गुंगुं चालूच. तिसऱ्याला भोक होतं, त्यातून वारा येत होता, साडभाऊंनी त्याच्यासमोर अगरबत्ती धरून तो वारा मोजायचा विचार बोलून दाखवला. दुकानदार भला माणूस. त्याने दोनदा चहा पाजला, जेवणाच्या वेळी स्वतः घरी जाऊन जेवून आला, तरी आम्ही तिथेच. चौथा वूफर मात्र लहानखुरा होता, चारी बाजूंनी बंद, तोंडावर काळं कापड. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला वूफरची वेगळी जागा नव्हती, पण या डब्याला स्पीकरच्याच तारा घेता येत होत्या, म्हणजे स्पीकरला जे जातं तेच तो ऐकणार आणि आपला खालचा वाटा उचलणार. साडभाऊंनी कव्वाली लावली. डोळे मिटले. छातीखाली बोट ठेवलं. मग त्यांनी डब्यावरून हात फिरवला, जसा गाईच्या पाठीवरून फिरवतात तसा. दुकानदार माझ्या कानात म्हणाला, "घेतला का हो त्यांनी?" मी म्हटलं, "घेतला." त्याने आकाशाकडे हात जोडले.

पण घ्यायचं हे सगळ्यात सोपं काम होतं. तो ठेवायचा कुठे, हा पुढचा प्रश्न. साडभाऊंच्या वहीत याची एक रीत लिहिलेली होती. खालचा सूर खोलीत सगळीकडे सारखा पसरत नाही. कुठे साचतो, कुठे आटतो. तेव्हा वूफर आधी आपल्या खुर्चीत ठेवायचा, गाणं लावायचं, आणि आपण जमिनीवर रांगत खोलीभर हिंडायचं. जिथे थाप सगळ्यात चोख ऐकू येईल, तिथे मग वूफर ठेवायचा. शास्त्र बरोबर आहे म्हणतात. फक्त साठीच्या माणसाने दुपारी चार वाजता दार उघडं ठेवून ते करू नये. वूफर खुर्चीत बसलेला, त्याला ताईंनी नव्या वस्तूची म्हणून हळद-कुंकू लावून झेंडूचा हार घातलेला, आणि त्याच्यापुढे आम्ही दोघे साडभाऊ गुडघ्यांवर, कान जमिनीशी लावून, एक पूर्वेकडून आणि एक पश्चिमेकडून. अशा वेळी ताईंच्या माहेरच्या नात्यातल्या एक मावशी आणि त्यांचे यजमान लग्नाची पत्रिका द्यायला दारात उभे राहिले.

मावशी म्हणजे कामाची बाई. त्यांनी मागचंपुढचं न बघता पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि त्याही खाली बसल्या. "काय हरवलं बाप्पा? कानातलं?" साडभाऊ कान जमिनीला लावूनच म्हणाले, "नाही मावशी. बास शोधून राह्यलो." गाण्याच्या आवाजात मावशींना 'वास' ऐकू आलं. त्यांनी नाक वर करून हुंगलं. "हो व माय, येते जराक. उंदीर मेला असन दिवानाखाली." त्यांचे यजमान, म्हणजे लग्नघरचे मुख्य माणूस, पत्रिकांचा गठ्ठा काखेत धरून दिवाणाखाली शिरले. ताई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या तेव्हा हॉलमध्ये चार माणसं रांगत होती आणि खुर्चीत एक हार घातलेला डबा कव्वाली म्हणत होता. ताईंनी ट्रे ठेवला आणि खुर्चीतल्या डब्याला म्हणाल्या, "तुमी तरी घ्या चहा."

चोख जागा सापडली. ती नेमकी ताईंच्या शिलाई मशीनखाली होती. उजवी भिंत, दारापासून चार हात. साडभाऊंनी तीन वेळा खात्री करून घेतली, मलाही रांगायला लावलं, आणि खरं सांगतो, तिथे मलासुद्धा काहीतरी ऐकू आलं. पण ते मशीन ताईंनी लग्नात आणलेलं, आणि ते त्या जागेवर मुलाच्या जन्माच्या आधीपासून होतं. साडभाऊंनी नकाशा उघडून समजावायला सुरुवात केली. ताईंनी नकाशाकडे पाहिलंही नाही. "मशीन हालनार नाही. तुमी हाला." मोजणीच्या नोकरीत साडभाऊंनी भल्याभल्यांची अतिक्रमणं काढली होती, पण इथे कब्जा जुना होता. त्यांनी नकाशा मिटला आणि वूफर दुसऱ्या क्रमांकाच्या जागी, डाव्या कोपऱ्यात, शेजारच्या भिंतीला टेकवून ठेवला.

शेजारची भिंत म्हणजे ड्रायव्हरसाहेबांची भिंत. साडभाऊंचं घर जोडघर आहे, मधली भिंत दोघांत एक. पलीकडे एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर राहत. उंच, पांढऱ्या मिशा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी नागपूरला दिलेली. अकरा वर्षं हे दोघे रोज सकाळी सहा वाजता पुढच्या पायऱ्यांवर बसून एकत्र चहा पीत. चहा एक दिवस या घरचा, एक दिवस त्या घरचा. बोलणं फारसं नाही. ड्रायव्हरसाहेब रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या आवाजावरून तिचा आजार सांगत आणि साडभाऊ मान डोलावत. बस्स, एवढाच कार्यक्रम.

वूफर कोपऱ्यात लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी साडभाऊंनी आवाज जरा मोकळा सोडला. तिसऱ्या मिनिटाला ड्रायव्हरसाहेब दारात उभे. तोंडाचं बोळकं, हातात काचेचा ग्लास, ग्लासात पाणी आणि पाण्यात त्यांची कवळी. ते काय बोलत होते ते दात नसल्यामुळे नीट कळत नव्हतं, म्हणून त्यांनी ग्लास पुढे केला. वूफरची थाप पडली की ग्लासातली कवळी कट्कट् वाजत होती. "पाहा! पाहा! माहे दात माह्याशिवाय बोलून राह्यले!" खरं तर इथे माफी मागून आवाज कमी करायचा. साडभाऊंनी ग्लास हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरला आणि आनंदाने म्हणाले, "म्हंजे तिकडबी पोचून राह्यला! भिंत पार करून!" ड्रायव्हरसाहेबांनी ग्लास परत घेतला आणि चालते झाले.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरसाहेब पायरीवर चहाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. वूफर सुरू झाला की पलीकडून भिंतीवर पाना ठोकल्याचा आवाज येई, ठण् ठण् ठण्. साडभाऊ त्यावर आवाज अर्ध्याने कमी करत, पण बंद करत नसत. इकडे अभिमान, तिकडे पाना. ताई मला फोनवर म्हणाल्या, "भाऊजी, तुमी या एक दिवस. हे सकाळी एकलेच पायरीवर बसून राह्यतात. कप दोन घेतात अन् एक तसाच परत आणतात." मी गेलो. माझ्या डोळ्यांसमोर साडभाऊ उतरलेल्या चेहऱ्याने बसलेले होते. पण मी काही समजुतीचं बोलायच्या आत त्यांनी वही उघडली. गडी दुःखातही मोजणी करत होता. मुलाने फोनवर घालून दिलेल्या एका अ‍ॅपमधून ते नुसते सूर काढत, अगदी खालपासून एकेक वर चढवत, आजारी म्हशीने हंबरावं तसे, आणि सुराच्या कितव्या आकड्याला, म्हणजे सेकंदाला किती कंपनांना, पाना वाजतो ते लिहून ठेवत. "हे पाहा भाऊ. चाळीसले डायवरसाहेब ठोकत नाही. पंचेचाळीसलेबी नाही. पन्नास लागला का ठोकते. साठच्या वर पुन्हा गप. चार दिवस झाले, रोज तसंच." मी विचारलं, "म्हणजे काय?" साडभाऊंचा आवाज खाली आला. "म्हंजे ते खोटं नाही बोलून राह्यले. ती भिंतच त्या सुराले हालते. मले वाटलं, त्याईले मुद्दाम राग येऊन राह्यला."

माफी मागायची होती. पण साडभाऊंना तोंडाने माफी मागता येत नाही, आयुष्यात त्यांनी सगळं कागदावरच केलं. त्यांनी रीतसर नोटीस लिहिली. 'आपणांस कळविण्यात येते की, आपल्या व माझ्या घरामधील सामाईक भिंतीबाबत आवाजाची मोजणी करणे असल्याने, उद्या सकाळी सहा वाजता आपण जागेवर हजर राहावे. गैरहजर राहिल्यास मोजणी आपल्या पश्चात करण्यात येईल व चहा थंड होईल.' ती घेऊन मी पलीकडे गेलो. ड्रायव्हरसाहेबांनी चष्मा लावून दोनदा वाचली. मिशा जराशा हलल्या. "पोच पाह्यजे असन?" म्हटलं, "हो." त्यांनी खाली सही केली आणि सहीखाली लिहिलं, 'मिळाली. साखर कमी.'

सकाळी सहाला दोघे पायरीवर बसलेले होते. मी खिडकीतून पाहत होतो. दोघांपैकी कोणीही भिंतीबद्दल बोललं नाही. एक ट्रक गेला. ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "याचा पाटा गेला." साडभाऊंनी मान डोलावली. मग दोघे उठून आत आले आणि साडभाऊंनी ड्रायव्हरसाहेबांना स्वतःच्या खुर्चीत बसवलं. ही खुर्ची त्यांनी मला सव्वीस वर्षांत कधी दिलेली नाही.

कव्वाली लागली. ड्रायव्हरसाहेब हात मांड्यांवर ठेवून, जणू स्टिअरिंगवर आहेत असे ताठ बसले. गाणं संपलं. साडभाऊ विद्यार्थ्यासारखे उभे. ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "आवाज चांगला हाय. पण तुमचा डब्बा मांगं पडून राह्यला."

"मांगं म्हंजे?"

"ट्रॅक्टरनं ब्रेक मारला का ट्राली मंग येऊन धडकते का नाही? तसं. ढोलक वाजते तिकडं, अन् हा इकडून मंग धाप करते."

साडभाऊ खाली बसले. आठ महिन्यांच्या वहीत हे होतं, पण त्यांच्या कानाला सापडलं नव्हतं. जिल्ह्यात खालचा सूर ऐकू येणारा दुसरा माणूस निघाला होता, तोही भिंतीपलीकडे. त्यांनी वूफरच्या मागे हात घातला. तिथे एक बारीक खटका असतो, त्याने डब्याची चाल उलटी करता येते, म्हणजे आत जायचा तेव्हा बाहेर आणि बाहेर यायचा तेव्हा आत. त्यांनी तो पाडला. कव्वाली पुन्हा लावली. ड्रायव्हरसाहेबांनी डोळे मिटून उजवा हात वर केला, जसा गाडी मागे घेताना कंडक्टर करतो. "आता संग चालून राह्यला. पण लय जोरानं. कमी घ्या. येऊ द्या... येऊ द्या... अजून जराक... बस!" साडभाऊंचं बोट गोल बटणावर तिथल्या तिथे थांबलं. ड्रायव्हरसाहेबांनी घरून जुन्या टायरच्या ट्यूबचे चार तुकडे कापून आणले आणि ते डब्याखाली घातले. भिंतीपासून डबा वीतभर पुढे ओढला. ड्रायव्हरसाहेबांनी कवळी काढून ग्लासात टाकून दिली, आणि मी पलीकडे जाऊन तो ग्लास भिंतीशी ठेवून बघून आलो. कवळी हलत होती, पण आता वाद घालण्याइतकी नाही.

तरी थोडं राहिलंच. डाव्या कोपऱ्यात खालचा सूर साचायचा, हे दोघांनाही कळत होतं. दोघे मशीनकडे बघत आणि ताई आल्या की छताकडे बघत.  पुढच्या आठवड्यात साडभाऊ, ड्रायव्हरसाहेब आणि मी रिसोडला एका लग्नाला गेलो होतो, ताई गुडघ्याचं कारण सांगून घरी राहिल्या. परत आलो तर मशीन खिडकीखाली. उजव्या भिंतीशी चार हातांवर फरशीचा एक पांढरा चौकोन, जुन्या धुळीतून पुसून काढलेला. "मले तिथं उजेड पुरत नव्हता," ताई म्हणाल्या. इतकी वर्षं पुरला तो उजेड आताच कसा कमी झाला हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. साडभाऊंनी वही काढली, नकाशावर मशीनची नवी जागा दाखवली, आणि ताईंचं पेन्सिलीतलं डोकं शाईने गडद केलं.

त्या संध्याकाळी वूफर आपल्या खऱ्या जागी लागला. साडभाऊंनी गाणं सुरू केलं. मी ऐकलं, आणि मला काळजी वाटली, म्हणून मी हळूच विचारलं, "वूफर चालू करायचा राहिला का?" साडभाऊंनी उठून मला मिठी मारली. ड्रायव्हरसाहेबांनी पाठीवर थाप दिली. मला काही कळेना. मग साडभाऊंनी गाणं चालू ठेवूनच वूफर बंद केला आणि मला कळलं. गाणं तेच होतं, पण एकाएकी बारीक झालं, कपडे सैल व्हावेत तसं. पुन्हा चालू केला, खोली भरली. "डब्बा आयकू आला म्हंजे चुकलं," साडभाऊ म्हणाले. "तो गेल्यावर समजाले पाह्यजे." डोळे मिटून मान हलवणं मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून केलं ते त्या दिवशी.

त्यानंतरचं दीड वर्ष त्या हॉलचं भाग्याचं. रोज संध्याकाळी पाच वाजता ड्रायव्हरसाहेब येऊन खुर्चीत बसत, साडभाऊ दिवाणावर, ताई खिडकीशी मशीनवर. पावसाळ्यात हवा दमट झाली की आवाज जड होतो, असा ड्रायव्हरसाहेबांनी शोध लावला, तर साडभाऊंनी पावसाळ्याचं वेगळं पान केलं. मी गेलो की मला मधे बसवून दोघे माझ्या डोक्यावरून वाद घालत, बटण केसभर इकडे की केसभर तिकडे. एकदा केसभरावरून दोघे दोन दिवस बोलले नाहीत, पण चहाला आले.

मग ड्रायव्हरसाहेबांचे गुडघे गेले. इतकी वर्षं क्लच दाबून दाबून घालवले असं ते म्हणत. पायऱ्या चढवेनात. मुलगी नागपूरहून गाडी घेऊन आली, एका दिवसात सामान बांधलं. निघताना ड्रायव्हरसाहेबांनी त्या गाडीचा आवाज ऐकला, मान हलवली आणि साडभाऊंना म्हणाले, "सव्वीस जानेवारीपर्यंत टिकन हे."  साडभाऊ गाडी वळेपर्यंत फाटकात उभे राहिले, आणि मग आत येऊन दोन दिवस त्यांनी काहीच लावलं नाही.

परवा मी मंगरूळपीरला गेलो होतो. संध्याकाळी पाच वाजले. साडभाऊंनी कव्वाली लावली, मोबाईलवरून नागपूरला फोन केला आणि मोबाईल वूफरवर ठेवून दिला. स्वतः दिवाणावर बसले. खुर्ची रिकामी होती, मीही तिच्यात बसलो नाही. थापेबरोबर मोबाईल डब्यावर सरकत होता, ताई दोनदा उठून त्याला मधे घेऊन आल्या. गाणं संपलं तसं साडभाऊंनी जोरात विचारलं, "काय म्हंता डायवरसाहेब, कसं काय हाय आज?"

 फोनमधून आवाज आला, "थोडाक जास्त होऊन राह्यला. कमी घ्या."

साडभाऊ उठले. वूफरमागे हात घालून त्यांनी बटण केसभर फिरवलं. "आता?"

"आता बरोबर."

फोन ठेवल्यावर मी न राहवून म्हटलं, "साडभाऊ, फोनमध्ये खालचा सूर जातच नाही हो. त्यांना काही ऐकू आलं नसेल."

"मले मालूम हाय," साडभाऊ म्हणाले. "त्याईलेबी मालूम हाय." त्यांनी तीच कव्वाली पहिल्यापासून लावली, मान तिरकी केली आणि थोडा वेळ ऐकलं. मग माझ्याकडे वळून, जरा संकोचून म्हणाले, "पण भाऊ, कमी केल्यावर खरंच बरं लागून राह्यलं. नाही काय?"

मी ऐकलं. लागत होतं.